डेथ रोड सायकलने उतरायचाय? मग आधी आपल्या घाटात ब्रेक शिकून घे

प्रश्न माझ्या मित्राच्या मुलीचा आहे, डोंबिवलीला राहते. तिने लिहिलंय: "काका, ऑक्टोबरच्या शेवटी पेरू आणि बोलिव्हिया करतेय, ला पाझमध्ये पाच दिवस आहेत. तिथला डेथ रोड सायकलने उतरायचाय. रविवारी ठाण्यापर्यंत सायकल चालवते, घाट म्हणाल तर एकदाच लोणावळा केलाय. आई अजिबात नको म्हणते. जमेल का? तयारी काय करू?"

जमेल. पण आज जमेल असं नाही म्हणत मी, ऑक्टोबरपर्यंत जमेल असं म्हणतोय, आणि मधल्या दोन-अडीच महिन्यांत तू काय करतेस त्यावर ते अवलंबून आहे. गेली सतरा-अठरा वर्षं मी मुंबई-ठाण्याहून लोकांना सायकलवर घाटांत घेऊन जातोय, लडाखला नेलंय, आणि २०१७ च्या सप्टेंबरात तो रस्ता स्वतः उतरलोय, त्यामुळे जे सांगतो ते हातांना ठाऊक असलेलं सांगतो.

आधी त्या रस्त्याचं नाव बाजूला ठेवूया, कारण आई घाबरलीये ती नावाला. ला पाझहून खाली कोरोइको गावाकडे उतरणारा हा युंगास भागातला जुना रस्ता १९३० च्या दशकात बांधला गेला, पॅराग्वेशी झालेल्या चाको युद्धातले युद्धकैदी त्या कामाला लावले होते. काही ठिकाणी रस्ता जेमतेम तीन मीटर, म्हणजे आपली बेस्टची बस उभी केली तर दोन्ही बाजूला वीतभर जागा उरेल, आणि अशा रस्त्यावरून समोरासमोर ट्रक आणि प्रवाशांनी भरलेल्या बस जायच्या. २४ जुलै १९८३ ला एक बस दरीत गेली, शंभरहून जास्त माणसं गेली त्यात. १९९५ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने याला जगातला सगळ्यात धोकादायक रस्ता म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. २००६ च्या सुमारास नवा डांबरी रस्ता झाला, बोगदे-पूल सगळं असलेला, आणि जड वाहतूक तिकडे गेली. आता जुन्या रस्त्यावर सायकलवाले, त्यांच्या मागच्या व्हॅन आणि थोड्या गावकऱ्यांच्या गाड्या एवढंच असतं. म्हणजे आईच्या डोळ्यासमोर जी बस आहे ती आता तिथे नाही. पण दरी तीच आहे, कठडा बहुतेक ठिकाणी नाही, धुकं तेच आहे, आणि त्यानंतरही तिथे सायकलवाले दगावलेत. हे आईपासून लपवू नकोस. दोन्ही गोष्टी सांग.

आता मुद्दा. लोकांना वाटतं हा रस्ता भयंकर उभा असणार. नाहीये. गणित करून बघ, खडीचा जो खरा जुना भाग आहे तो तीसेक किलोमीटरचा, त्यात उतरतेस साधारण १,८०० मीटर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलीस की पाच-सहा मीटर खाली. आपला नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याला जाणारा रस्ता याच्यापेक्षा जास्त उभा आहे. मग माणसं पडतात कशाने? तर हा उतार संपतच नाही याने. खडीच्या आधी वरचा डांबरी भागही उतरायचा असतो, तो जिथून सुरू होतो ती ला कुंब्रेची खिंड ४,६५० मीटरच्या आसपास, खाली योलोसा गाव १,२०० च्या आसपास, म्हणजे एका दिवसात दोन कळसूबाई एकावर एक ठेवून उतरायचे आणि तरी थोडं उरेल. आपल्या घाटात उतार अर्ध्या-पाऊण तासात संपतो, हात दुखायला लागेपर्यंत खाली पोचलेलो असतो. तिथे हात दुखायला लागतात तेव्हा निम्मा रस्ता बाकी असतो, आणि तो खडीचा, ओला, एका बाजूला शेकडो मीटर खोल.

आणि हात का दुखतात ते समजून घे, कारण सगळी तयारी त्यावरच आहे. एसटीचा ड्रायव्हर घाट उतरताना गाडी खालच्या गिअरात ठेवतो, इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक मधूनमधून. सायकलला इंजिनच नाही, त्यामुळे ते धरून ठेवायचं काम पूर्णपणे तुझ्या दोन बोटांवर आणि ब्रेकच्या दोन चकत्यांवर, म्हणजे डिस्कवर येतं. तू, सायकल, हेल्मेट, पॅड्स मिळून ऐंशी किलो धरू. तेवढं वजन १,८०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा निघते त्यातली थोडी हवेत जाते, थोडी टायर आणि खडीत, पण बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते, आणि ती एवढी असते की काही लिटर पाण्याला आधण येईल. ब्रेकच्या एवढ्याशा पॅडमधून. म्हणून जो माणूस भीतीने दोन्ही ब्रेक हलके हलके दाबूनच ठेवतो, सतत, तो स्वतःला सुरक्षित समजतो पण त्याचे पॅड तापून गुळगुळीत होतात, लिव्हर हँडलपर्यंत यायला लागतो आणि बोटं आखडतात. घाबरलेला माणूस नेमकं हेच करतो, आणि त्याला कोणी सांगितलेलं नसतं म्हणून करतो.

हे मी माळशेजला डोळ्यांनी बघितलंय. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, चांगला दमदार, चढाला सगळ्यांच्या पुढे, साधी हायब्रिड सायकल, रिमला घासणारे ब्रेक. जुन्नरकडून मुरबाडच्या बाजूला उतरताना त्याने ब्रेक एकदाही सोडला नाही. बोगद्याच्या थोडं खाली आल्यावर रिम इतकी तापली की आतली ट्यूब फुटली, आवाज असा झाला की मागच्यांना वाटलं टेम्पोचं काही फुटलं. नशीब की डोंगराच्या बाजूला होता, गटारात पडला, कोपर आणि मांडी सोलली. मी ग्रुपचा पुढारी होतो आणि वर निघताना मी ब्रेक दाबून ठेवू नका हे सगळ्यांना धरून बसवून सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कोणालाही उतारावर नेण्याआधी मी पाऊण तास फक्त ब्रेकवर घालवतो, कोणी कंटाळलं तरी.

तर शिकायचं काय. दाब-सोड, दाब-सोड. सरळ पट्ट्यात, वळण यायच्या आधी, दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग उतरवायचा, आणि मग सोडायचे, वळणात सायकल मोकळी फिरू द्यायची, चकत्यांना वारा लागू द्यायचा. वळणाच्या आत शिरल्यावर ब्रेक आठवला तर समज की उशीर झाला. खडीवर तर विशेष, कारण वळणात टायर आधीच कडेला सरकायच्या बेतात असतं, त्यात तू पुढचा ब्रेक आवळलास की चाक खालून निघून जातं. थांबवायची ताकद मात्र पुढच्या ब्रेकमध्येच जास्त आहे, म्हणून काहीजण "पुढचा लावूच नको" सांगतात ते ऐकू नको, नुसत्या मागच्या ब्रेकवर तू लांबपर्यंत घसरत जाशील. पुढचा हळू, पिळत पिळत, स्पंज दाबल्यासारखा. लिव्हरवर एक किंवा दोन बोटं, बाकीची हँडलवर, कायम, कारण खड्ड्यात चार बोटं लिव्हरवर असतील तर हँडल सुटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या लोकांसाठी खास, आणि हे तिथला गाईड तुला कदाचित सांगणार नाही कारण त्याला आपल्याकडची सवय माहीत नाही. तू ॲक्टिवा चालवतेस ना? आपल्याकडे दुचाकीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला. सायकलींमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, पण डोक्यात बसलेलं असतं की उजवा म्हणजे पुढचा, जपून, आणि डावा म्हणजे मागचा, बिनधास्त दाब. तिथे भाड्याने जी सायकल मिळते तिला बहुतेक उलटं असतं, डावा म्हणजे पुढचा. घाबरलीस की हात जुन्या सवयीने डावा लिव्हर आवळणार, आणि तो पुढचा निघाला तर तू हँडलवरून पुढे. मला हे ला कुंब्रेला, निघायच्या आधीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये कळलं, कारण मी दहा मिनिटं नुसतं गोल गोल फिरून ब्रेक तपासत होतो आणि एकदा मागचं चाक हवेत उचललं गेलं. रस्त्यावर कळलं असतं तर आज लिहीत नसतो. म्हणून आजच तुझ्या सायकलवर बघ कुठला लिव्हर कुठल्या चाकाला आहे, आणि उलटा असेल तर मेकॅनिककडून तिथल्यासारखा करून घे, डावा पुढे. केबलवाले ब्रेक असतील तर अगदी छोटं काम आहे. दोन महिने तसंच चालव. ॲक्टिवावर बसताना गोंधळ होणार नाही, शरीर दोन वाहनं वेगळी ओळखतं, फक्त सायकलवर ती सवय मुरायला वेळ लागतो.

दुसरी एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. बोलिव्हियात गाड्या उजवीकडून चालतात, पण या जुन्या रस्त्यावर डावीकडून, आपल्यासारख्या. कारण ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि त्याला आपलं बाहेरचं चाक कडेपासून किती लांब आहे ते खिडकीतून बघता यावं. उतरणारा दरीच्या बाजूने, चढणाऱ्याला आधी वाट. म्हणजे तू डावीकडे, आणि डावीकडेच दरी. वरचा डांबरी भाग मात्र उजवीकडून, हा बदल डोक्यात ठेव. आणि एक नियम जो गाईडही सांगेल, पण तू तो आधीपासून अंगात भिनवून जा: थांबलीस की नेहमी उजवीकडे, डोंगराच्या बाजूला पाय टेकायचा. आपण बरेचजण सवयीने डावीकडे उतरतो. तिथे डावीकडे पाय टेकवायला जमीन असेलच असं नाही. फोटोसाठी थांबून उतरताना तोल जाणं ही तिथली फार खरी भीती आहे. इथे रोज सिग्नलला थांबताना उजवा पाय टेकवायला लाग, मागची रिक्षा बघून.

सराव कुठे करायचा. ऑगस्ट आहे, पाऊस आहे, आणि ओल्यात ब्रेक शिकायला याहून चांगला महिना नाही, कारण तिथेही झऱ्यांचं पाणी रस्त्यावर पडतं, सान हुआनचा धबधबा तर वरून सरळ रस्त्यावरच येतो. पहिले दोन आठवडे घराजवळचं मैदान. चिखल असेल तर उत्तम. नुसता मागचा ब्रेक दाबून चाक मुद्दाम घसरवायचं, घसरतं तेव्हा कसं वाटतं ते ओळखीचं करून घ्यायचं, मग नुसता पुढचा अगदी हळू, मग दोन्ही, चपलेची खूण ठेवून तिथेच थांबायचं. शंभर वेळा. पोरं बघतील, बघू देत. त्यानंतर बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांचा रस्ता, सोमवारी बंद असतं, रविवारी गर्दी, त्यामुळे शनिवारी लवकर. उतार सौम्य आहे, तिथे फक्त बसण्याची पद्धत पक्की करायची: सीट दोन-तीन इंच खाली, पेडल दोन्ही एका पातळीत, टाचा खाली, सीटवरून किंचित उठलेली, कंबर मागे, कोपरं बाहेर आणि सैल. आणि नजर लांब. खड्ड्याकडे बघितलं की चाक खड्ड्यातच जातं, हा अनुभव मुंबईत कोणाला नाही? दरीचंही तेच. कडेकडे बघायचं नाही, जिथून जायचंय तिथे बघायचं. दरी बघायचीये तर थांब, उतर, उजवीकडे, आणि मनसोक्त बघ, बघण्यासारखीच आहे.

मग येऊर, मग नेरळ-दस्तुरी. दस्तुरीला वर चढून जा, टॅक्सीत सायकल टाकून नको, कारण दमलेल्या अंगाने उतरायचा सरावही हवा. उतरताना टॅक्सीवाले वेगात असतात, मध्ये मध्ये मिनी ट्रेनचे रूळ रस्ता ओलांडतात, ओले रूळ आडवे नीट काटकोनात पार करायचे. माळशेज पावसाळ्यात नको, दरडी आणि वीकएंडची गर्दी, सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरला की एकदा करू, मी येईन. आणि बिगर-डांबरी रस्ता शोध, ठाणे-कर्जत-शहापूर पट्ट्यात गावागावांत कच्चे उतार आहेत, सुट्या खडीवर निदान चार-पाच दिवस चालवलेलं असलंच पाहिजे. हे झालं नाही तर माझं उत्तर बदलेल. खडीचा अनुभव नसताना तिथे पहिल्यांदा खडी बघायची नाही.

वेगाबद्दल एवढंच की ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, वीसचे चाळीस केलेस की अंतर दुप्पट नाही, चौपट. तिथे ग्रुपमध्ये दहा-बारा देशांची पोरं असतात, काही जन्मापासून डोंगरात सायकल चालवणारी, ती पुढे जाणार. जाऊ देत. शेवटून पहिली ये. मी तसाच आलो, मागचा गाईड माझ्याबरोबर होता आणि त्याला काही घाई नव्हती.

उंचीचं आता. आपण समुद्रसपाटीची माणसं. ला पाझचा विमानतळ एल आल्टोला, चार हजार मीटरच्या वर, उतरल्या उतरल्या जिना चढताना धाप लागेल. ला कुंब्रेला हवेचा दाब मुंबईच्या साधारण ५७ टक्केच. याने नुसतं डोकं दुखत नाही, निर्णय उशिरा घेतला जातो, आणि उतारावर तो उशीर महाग पडतो. पेरूत कुस्कोला वगैरे आधी काही दिवस राहून येत असशील तर फार छान, नाहीतर ला पाझच्या पाच दिवसांत सायकल चौथ्या दिवशी ठेव, पहिल्या-दुसऱ्या दिवशी अजिबात नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांग. तिथे कोकाचा चहा सगळीकडे मिळतो, पी, पण पानं बॅगेत टाकून आणू नको, आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. आणि यलो फिव्हरची लस, बोलिव्हियाहून परत येताना ते कार्ड नसेल तर आपल्या विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला पाठवू शकतात. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि लस मुंबईत ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट आजच घे. इन्शुरन्स घेताना माउंटन बायकिंग कव्हर आहे का आणि किती उंचीपर्यंत, हे ईमेलवर लेखी मागून घे, फोनवरचं "हो हो मॅडम" पुरेसं नाही.

सायकल भाड्याने देणारा निवडताना किंमत शेवटी बघ. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे, डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना, पुढे-मागे सस्पेन्शन, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघे-कोपरांना पॅड्स, एक गाईड पुढे, एक मागे, आणि त्याच्या मागे व्हॅन. मागे कोण असतं हे विचार, उत्तर द्यायला अडखळले तर दुसरीकडे जा. सायकल हातात आली की लिव्हर जोरात दाबून बघ, हँडलला टेकला तर बदलून माग. ब्रेकचे पॅड किती उरलेत ते दाखवायला सांग. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलव, हँडलच्या बुडाशी खटखट आली तर बदलून माग. चाकांचे एक्सल घट्ट आहेत का, टायरच्या बाजूला चीर आहे का. मागायला संकोच करू नकोस, भाषा येत नसेल तर बोट दाखव. मी पहिली सायकल परत केली होती, लिव्हर मऊ होता, त्यांनी तोंड वाकडं केलं पण दुसरी दिली.

कपडे थरांचे, वर बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेक कळत नाही, म्हणून आपले स्वतःचे पूर्ण बोटांचे चांगले ग्लोव्हज इथूनच घेऊन जा. खाली योलोसाला दमट, गरम, डास, अगदी आपल्या कोकणातल्या ऑक्टोबरसारखं.

वरती निघताना तिथले लोक पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, सायकलच्या चाकावर आणि जमिनीवर दारूचे थेंब वाहतात, उरलेला घोट आपल्याला देतात. आपण घाटात खिंडीतल्या देवाला नारळ फोडून पुढे जातो तसंच ते, मला फार आपलं वाटलं. थेंब वाहा, ओठाला लाव, पण पिऊ नको, फार कडक असते.

आणि मधे कुठेही वाटलं की हात थरथरतायत, धुकं दाट झालंय, मन लागत नाहीये, तर सायकल व्हॅनवर टाक आणि आत बस. पैसे भरलेत म्हणून उतरायचं असं नाही. आमच्याबरोबरची एक बाई अर्ध्यात व्हॅनमध्ये बसली, उत्तम सायकल चालवत होती, म्हणाली आज पुरे. खालच्या जेवणाला ती आमच्याबरोबरच होती. शेवटचे दहा किलोमीटर विशेष जप, रस्ता रुंद वाटायला लागतो, ऊन येतं, माणसाला वाटतं झालंच आता, आणि घाटांतही माझ्याबरोबरची जास्त माणसं शेवटच्या टप्प्यातच पडलीत.

आईला येत्या शनिवारी तुझ्याबरोबर नॅशनल पार्कात घेऊन ये, सकाळी साडेसातला मुख्य गेटवर मी असतो. तू ब्रेक कसा लावतेस ते तिला बघू दे, तिचे प्रश्न मी बसून ऐकतो. आणि त्याआधी आज रात्री खाली पार्किंगमध्ये जा, सायकलचा डावा लिव्हर दाब आणि कुठलं चाक अडतंय ते मला कळव.